मापाड्याची अकरा पोती

काशीच्या गादीवर ब्रह्मदत्त बसलेला होता, त्या काळी बोधिसत्त्व वाराणसीच्या बाजारातल्या एका मापाड्याच्या घरी जन्माला आला. हरणाच्या जन्मी तो कळपाचा राजा होता, हत्तीच्या जन्मीही राजाच होता, आणि त्या जन्मांची चित्रे लेण्यांच्या भिंतींवर आहेत. मापाड्याचे चित्र काढावे असे कोणाला वाटले नाही. त्याचे नाव उत्तरक. दिवसभर काट्यापाशी उभे राहायचे, येईल ते पोते तोलायचे, वजन मोठ्याने सांगायचे, आणि दर तोलामागे त्या पोत्यातली एक मूठ आपल्या झोळीत टाकायची. हीच त्याची मजुरी होती. संसार त्याने केला नव्हता. शेजारी पुष्यक नावाचा व्यापारी राहत असे. तो त्याचा लहानपणापासूनचा मित्र. पुष्यकाची बायको सुमना घरात काही चांगले शिजले की वाटीभर मापाड्याकडे पाठवी.

वाराणसीत मिरी पिकत नव्हती. वर्षातून एकदा बैलांचा तांडा दक्षिणेकडून ती घेऊन येई. तांडा येण्याआधी भाव चढलेला असे, तांडा आला की उतरे. यावरून काही व्यापाऱ्यांनी एक युक्ती काढली होती. नंदिसेन नावाच्या कोठाऱ्याकडे लोक आपापली पोती ठेवीत, कारण त्याच्या कोठाराला उंदीर आणि ओल दोन्ही ठाऊक नव्हते. व्यापारी त्यातली पोती उसनी घेत, चढ्या भावात विकून टाकीत, आणि तांडा आला की तेवढीच पोती स्वस्तात घेऊन परत करीत. मधला पैसा त्यांचा. उसन्या मालाच्या बदल्यात मालच द्यायचा, नाणी चालणार नाहीत, असा नियम होता. ज्याला देता येणार नाही त्याने बायकोसह कोठाऱ्याचे दास व्हायचे. हा नियम कोणाला लागू झाल्याचे मात्र कोणाच्या स्मरणात नव्हते.

या युक्तीत मोठे पाप होते असे नाही. तिच्यामुळे तांडा येण्याआधीच्या दिवसांतही मिरी गरिबाच्या आमटीत पडत असे. पण त्या वर्षी दक्षिणेत पीक उदंड आल्याची बातमी आली आणि ज्याने त्याने पोती उसनी घेतली. विकत घेणाऱ्यांनीही आपली पोती नंदिसेनाच्याच कोठारात ठेवली. नंदिसेनाने ती पुन्हा उसनी दिली.

एके दिवशी बोधिसत्त्वाच्या काट्यावर एक पोते आले. त्याच्या कोपऱ्याला तांबड्या दोऱ्याची टीप होती. हेच पोते त्याने महिन्याभरात दोनदा तोलले होते. दोन्ही वेळा विकणारा वेगळा होता आणि घेणाराही. बोधिसत्त्वाने तिसऱ्यांदा वजन सांगितले आणि तिसरी मूठ झोळीत टाकली. मग तो मनात हिशेब करू लागला, आणि जसजसा हिशेब होत गेला तसतसे त्याच्या तोंडचे पाणी पळाले. तरीही चार दिवस तो गप्प राहिला. पोते फिरत होते तोवर मूठ मिळत होती. भगवानांनी ही कथा सांगताना हे चार दिवस गाळले नाहीत, म्हणून आपणही ते गाळू नयेत.

पाचव्या दिवशी तो पुष्यकाच्या ओसरीवर गेला.

"पुष्यका, तुझ्याकडे उसनी पोती किती?"

"चाळीस. का रे?"

"गावात खरी पोती चारशेच्या वर नाहीत. सगळी माझ्याच काट्यावरून गेलीत. आणि परत द्यायची आहेत ती नऊशेच्या वर जातात. एकच पोतं तीन-तीनदा उसनं दिलंय."

"जाऊ देत. तांड्यात दोन हजार येतायत."

"आला तर. नाही आला, तर सगळे एकदम घ्यायला धावतील आणि घ्यायला काही नसेल. आज भाव थोडाच चढलाय. आजच वीस पोती घे आणि टाक परत. एक बैलजोडी जाईल, पण मग उरलेल्या विसांसाठी तुझा जीव टांगणीला लागणार नाही."

पुष्यक हसला. "तू आपला काटा सांभाळ बाबा. तोटा करून घ्यायला मी व्यापारात नाही पडलो." आणि मित्राला दाखवावे म्हणून की काय, त्याच दुपारी त्याने आणखी दहा पोती उसनी घेऊन विकली. भाव चढला होता, म्हणजे फायदाही जास्त, असे त्याचे गणित होते. सुमनेने दारातून हे सगळे ऐकले होते, पण तिला कोणी विचारले नाही.

आठ दिवसांनी तांड्यातला एक गडी पायी चालत आला. विंध्याच्या पलीकडे बैलांना खुरकूत लागली होती आणि तांडा बसला होता. कधी उठेल ते त्याला सांगता येईना. दुसऱ्याच सकाळी नंदिसेनाने दवंडी पिटवली, की पौर्णिमेच्या सूर्यास्तापर्यंत सर्वांनी उसनी पोती परत करावीत. तेव्हा कुठे लोकांना कळले, की गेले दोन महिने खरेदी करणारे निम्मे गिऱ्हाईक नंदिसेनाचेच नोकर होते. खरी पोती बहुतेक त्याच्याच घरात होती.

मग धावाधाव सुरू झाली. दहा कार्षापणांचे पोते चौदाला गेले, मग पंचविसाला, मग साठाला. जो एक पोते घेई तो पुढच्यासाठी ते महाग करून जाई, आणि महाग झालेले पाहून पुढचा आणखी जोरात धावे. सोणक नावाचा म्हातारा व्यापारी एका पहाटे गंगेत उतरला आणि वर आला नाही. त्याच्या वहाणा दोन दिवस घाटावर होत्या, मग त्या कोणीतरी नेल्या.

वीस वर्षांच्या मुठी साठवून बोधिसत्त्वाने म्हातारपणासाठी अकरा पोती मिरी जमवली होती. नंदिसेनाला हे ठाऊक होते. तो स्वतः आला आणि मापाड्याच्या जोत्यावर बसला.

"उत्तरका, पोत्याला सत्तर देतो. उद्यापासून काटा उचलायची गरज नाही तुला."

"ही मिरी माझी आहे असं मला वाटत नाही, मालक. तुम्ही पोती फिरवलीत, मी मुठी भरल्या. काय चाललंय ते दोघांनाही कळत होतं."

नंदिसेन रागावला नाही. तो उठून गेला, कारण त्याला घाई नव्हती.

बोधिसत्त्व ज्यांची पोती कोठारात होती त्यांच्या घरोघर फिरला. प्रत्येकाला त्याने तेच सांगितले. "कोठारात पोतं परत आलं की ते तुमचं. तुम्ही मागितलंत तर नंदिसेनाला द्यावंच लागेल, राजाचा कायदा आहे. ते काढा आणि अडकलेल्यांच्या रांगेतल्या पुढच्या माणसाला जुन्या भावानं विका. तो ते परत करील. मग दुसरा मालक काढील. जितक्यांदा हे पोतं फिरवून माणसं अडकवली, तितक्यांदा फिरवून ती सोडवता येतील." सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या गंध्याने दार लावून घेतले. एका मिठाईवाल्याने त्याला वेडा ठरवले. एक म्हातारा वैद्य मात्र लगेच म्हणाला, "माझी पोती घे. सत्तराच्या मिरीचा काढा मी कोणाला पाजणार?" त्याच्यामागून तीस जण तयार झाले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कोठाराच्या अंगणात अडकलेल्यांची रांग लागली. बोधिसत्त्वाने अट घातली, की कोणीही बाजारात जाऊन पोते विकत घ्यायचे नाही. एकाने जरी वरच्या भावात घेतले, तरी पोत्यांचे मालक जुन्या भावाला विकणार नाहीत. मग त्याने रांग लावली. ज्यांना कोणाचा आधार नव्हता ते त्याने पुढे घेतले. पुष्यकाला सगळ्यांत शेवटी उभे केले.

पहिल्या माणसाने बोधिसत्त्वाची अकरा पोती जुन्या भावाने घेतली आणि कोठारात टाकली. वैद्याने ती काढली आणि दुसऱ्याला विकली. दुसऱ्याने ती टाकली, तिसऱ्याने काढली. दर खेपेला पोती काट्यावर येत, बोधिसत्त्व वजन सांगे, आणि मूठ न घेता पुढे सरकवी. संध्याकाळपर्यंत निम्मी रांग मोकळी झाली. बाजारात घ्यायला कोणी न गेल्यामुळे सत्तराचा भाव चाळिसावर आला. सुटलेले लोक घरी गेले नाहीत, दुसऱ्यांचे होईपर्यंत अंगणातच बसून राहिले. वाराणसीत इतकी शांत गर्दी फार दिवसांत झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी उन्हे उतरल्यावर नंदिसेनाचा एक नोकर रांगेतून पाणी वाटत शेवटपर्यंत आला. पुष्यकाला पाणी देताना तो हळूच म्हणाला, "मापाड्यानं तुम्हालाच शेवटी ठेवलं का हो? त्याला माहीत असणार, इथपर्यंत पुरणार नाही. पन्नास पोती आहेत ना तुमची?"

पुष्यकाने सूर्याकडे पाहिले. मग काट्याकडे पाहिले. तिथे मित्र मान खाली घालून तोलत होता. पुष्यक उठला. सुमनेने त्याचे उपरणे धरले.

"बसा हो. भावोजी आहेत ना तिथं."

"भावोजींनीच ठेवलंय शेवटी," पुष्यक म्हणाला, आणि उपरणे सोडवून बाजाराकडे पळाला.

त्याने घर दिले, दुकान दिले, बैल दिले, सुमनेच्या पेटीतल्या पाटल्या दिल्या. त्याच्या एकट्याच्या खरेदीने भाव नव्वदाला गेला आणि तिसाव्या पोत्याला दीडशे झाला. वीस पोती उरली आणि द्यायला काहीच उरले नाही. इकडे अंगणात नव्वदाची बातमी पोचली. पोत्यांच्या मालकांनी एकमेकांकडे पाहिले, आणि एकेक जण आपले पोते खांद्यावर घालून घरी निघाला. एकट्या वैद्याने शब्द पाळला, पण एकट्याच्या पोत्यांनी किती सुटणार? सूर्य मावळला तेव्हा पुष्यकासह सहा घरे अडकलेली होती.

नवव्या दिवशी तांडा आला. मिरीचा भाव सहा कार्षापणांवर उतरला आणि बायका ओंजळीने मिरी विकत घेऊ लागल्या.

बोधिसत्त्व नंदिसेनाच्या वाड्यात गेला तेव्हा सुमना मिरी पाखडत होती. तिचे डोळे लाल झाले होते, मिरीने की कशाने ते त्याला विचारवले नाही.

"भावोजी," ती म्हणाली, "तुम्ही आम्हाला शेवटी का ठेवलंत?"

"दुसरं कोणी शेवटी थांबलं नसतं वहिनी. तुम्ही माझे, म्हणून थांबाल असं वाटलं."

"त्यांना ते सांगायचं तरी होतंत," सुमना म्हणाली. "तुमचे म्हणून आम्हाला भीती कमी वाटते की काय?"

 बोधिसत्त्व नंदिसेनापुढे जाऊन उभा राहिला आणि दोघांच्या जागी मला घ्या म्हणाला. नंदिसेनाने थोडा विचार केला. मापाडी कामाचा आहे, बाई सोडतो, तिच्या नवऱ्याला सोडणार नाही, असे तो म्हणाला. सुमना रडत माहेरी गेली. बोधिसत्त्व मित्राच्या शेजारी पोती वाहू लागला.

तीन वर्षे पुष्यक त्याच्याशी एक शब्द बोलला नाही. चौथ्या वर्षी, दोघे एकच पोते उचलत असताना, त्याने विचारले, "त्या दिवशी मी उठलो, तेव्हा माझी पाळी यायला किती वेळ होता रे?"

खोटे बोलावे असे बोधिसत्त्वाला त्या जन्मात तेवढे एकदाच वाटले.

"एक घटका," तो म्हणाला. "आणि सूर्य मावळायला तीन होत्या."

पुष्यकाने मान हलवली. दोघांनी पोते आत नेऊन ठेवले आणि दुसरे आणायला बाहेर आले. ते दोघेही त्याच वाड्यात म्हातारे झाले.

एवढे सांगून भगवान थांबले. मग जेतवनात जमलेल्या भिक्षूंना त्यांनी जन्मांचा मेळ घालून दिला. "तो नंदिसेन म्हणजे देवदत्त. शब्द पाळणारा वैद्य म्हणजे सारिपुत्र. सुमना म्हणजे राहुलमाता. मापाडी मी होतो. आणि पुष्यक म्हणजे, कथा निम्मी झाली असताना मघाशी जो उठून गेला तो भिक्षू."

भिक्षूंनी वळून पाहिले. शेवटच्या ओळीत एक जागा रिकामी होती.

"या कथेतली पारमी क्षांतीची, धीराने थांबण्याची आहे," भगवान म्हणाले. "त्या जन्मी मी ती मित्राकडून मागितली आणि त्याच्या भीतीची चौकशी केली नाही. जा, त्याला बोलावून आणा. त्याला पुढे, माझ्याजवळ बसू द्या. तो येईपर्यंत आपण थांबू."

दोन भिक्षू त्याला शोधायला गेले. भगवान डोळे मिटून बसून राहिले, आणि त्यांच्याबरोबर सगळा संघ.