मोऱ्याची जास्तीची पेंड

फार पूर्वी एका तेल्याच्या घाण्याला खैरा बैल फक्त सकाळी जुंपला जाई. मिळणाऱ्या पेंडीत त्याचं पोट भरत नसे, म्हणून आज वाढवून मागायचं त्याने ठरवलं होतं. तेवढ्यात साळुंकीने बातमी आणली, “खैरेदादा, दुपारच्या मोऱ्याला मूठभर पेंड जास्त मिळते हं!”

डोळ्यांवरची झापड सुटताच खैरा मालकापुढे उभा राहिला. “मोऱ्यालाच जास्त का?”

“तुला काय हवंय, ते सांग ना,” पेंडीच्या टोपलीत हात घालत तेली म्हणाला.

“तो नुसता शिंगं मिरवतो, चालता चालता पेंगतो. त्याला का?”

“बरं बाबा, त्याची बंद करतो.” तेल्याने हात रिकामाच बाहेर काढला.

खैरा डौलात गोठ्यात परतला. स्वतःची पेंड वाढवून मागायची मात्र राहूनच गेली.