ढकलणारे हात

तिसऱ्या दिवशीही पिलाचा जखमी पाय गरमच लागला, तेव्हा खार दचकली. फार पूर्वीच्या त्या रानात ओंडक्यावरची बुरशीआजी कुठलीही जखम दोन दिवसांत बरी करायची.

"आजी, या वेळी असं कसं?"

"अगं, जंतू शहाणे झालेत. मी त्यांच्या आत पाऊल टाकलं की ढकलून बाहेर काढतात मला."

खार झाडाझाडाला हाका मारत सुटली. "जंतू आजीला ढकलून बाहेर काढतात, पिलाचा पाय जाईल हो! आहे का कुणी?" मोठमोठ्या झाडांनी फांद्या आवरून घेतल्या.

खडकात मात्र जिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे, ती काटेरी दारुहळद आपली पिवळीधमक साल स्वतःच सोलू लागली.

"एकटीला मला नाही गं जमणार," ती म्हणाली, "पण जंतूंचे ढकलणारे हात मी धरून ठेवते. आजींना म्हणावं, शिरा आत."