तारण ठेवलेली ओरड

झाडं कापून जे उरतं त्यालाच जंगल म्हणायची पद्धत पडली, त्या काळातली ही गोष्ट. जंगलाचा राजा बिबट्या होता. तो रीतसर निवडून आलेला होता, कारण त्याच्याविरुद्ध जे उभे राहिले, ते अर्ज भरायला गेले ते परत आलेच नाहीत.

जंगलात विद्यापीठ होतं. तिथं शिकल्याशिवाय चरायचा परवाना मिळत नसे, आणि फी अशी की तरसाच्या पतपेढीची पायरी चढावीच लागे. तरस तारण मागे. कुसळी नावाच्या भेकरीकडे ओरडीशिवाय ठेवण्यासारखं काही नव्हतं. बिबट्या दिसला की भेकर ओरडतं, आणि त्या ओरडीनं सगळं जंगल सावध होतं. तरसानं ती ओरड मडक्यात भरून घेतली आणि मडक्याच्या तोंडाला फडकं बांधलं. जामीनदार म्हणून तिच्या आईचीही घेतली. बोलणं मात्र कुसळीकडेच राहू दिलं, हप्त्याला 'हो' म्हणायला.

कुसळी पदवीधर झाली. सगळीच भेकरं पदवीधर झाली, आणि जंगल एकदम शांत झालं. अधूनमधून कुणीतरी दिसेनासं व्हायचं. सरकारी भाषेत त्याला स्थलांतर म्हणत. राजाचं वजन वाढलं, त्याला वर्तमानपत्रांनी विकास म्हटलं. ती वर्तमानपत्रं मला अजूनही वाचवत नाहीत.

चुलती दिसेनाशी झाली तेव्हा कुसळी विद्यापीठाच्या मदत कक्षात गेली. तिथं वानर बसलं होतं.

"तेवढी माझी ओरड सोडवून द्या हो. आईला आता दिसत नाही. मी ओरडले नाही तर तिला कळणार कसं?"

"कर्ज फिटत नाही ना? मग ते फेडायला दुसरं घे," वानर मायेनं म्हणालं. "ओरड गेली, पण कान अजून मोकळेच आहेत की तुझे!"

पुढं निवडणूक जवळ आली आणि राजाला विद्यार्थ्यांचा कळवळा आला. भव्य कर्जमुक्ती सोहळा ठरला. सगळ्यांची मडकी सोडवणं खजिन्याला झेपणारं नव्हतं, म्हणून प्रातिनिधिक स्वरूपात एकच द्यायचं ठरलं. चिठ्ठी कुसळीची निघाली. मंडपात पहिली रांग पालकांसाठी राखीव होती. पत्रिकेत खाली छापलं होतं, 'कार्यक्रमानंतर स्नेहभोजन.' कुणाचं, ते छापलं नव्हतं.

"माझ्या तमाम गवतखाऊ बंधू-भगिनींनो!" राजा म्हणाला. "तुमच्या लेकरांचं कर्ज आज मी पोटात घालतो. तुमची लेकरं काय मला परकी आहेत?"

"शिकेल भेकर, वाढेल बिबट्या!" मंडप दुमदुमला.

तरसानं फडकं सोडलं. ओरड कुसळीच्या गळ्यात परत आली. सूत्रसंचालन करणारा कोल्हा म्हणाला, "कुसळीताई, आता आभाराचे दोन शब्द."

"आदरणीय महाराज," तिनं पाठ करून आणलेलं भाषण सुरू केलं, आणि महाराजांकडे पाहिलं. महाराज पहिल्या रांगेकडे बघत होते. तिथं आई बसली होती, लेकीचं कौतुक ऐकायला कान टवकारून. महाराजांनी झेप घ्यायला पुढचे पाय खाली दाबले.

कुसळी ओरडली. जिवाच्या आकांतानं ओरडली. बघता बघता मंडप रिकामा झाला, आई आवाजाकडं पाठ करून धावत सुटली, आणि स्नेहभोजन रद्द करावं लागलं. हे सांगताना मला आजही फार बरं वाटतं.

चौकशी समिती नेमली गेली. लाभार्थी आनंदानं भारावून गेली आणि प्रेक्षक ही गोड बातमी घरी सांगायला धावले, असा समितीचा निष्कर्ष निघाला. आभारासाठी दिलेली ओरड भलत्याच कामाला वापरली, म्हणून कुसळीला व्याजासह वसुलीची नोटीसही निघाली. ती पोचेपर्यंत मायलेकी डोंगरापलीकडे गेल्या होत्या.

राजा मात्र यातून शिकला. विद्यापीठापर्यंत वाट बघणं धोक्याचं आहे, हे त्याच्या लक्षात आलं. आता बालवाडीच्या प्रवेशालाच ओरड जमा करून घेतात. जागा थोड्या असल्यामुळे पालक पहाटेपासून रांग लावतात, आणि मडकं ज्यानं त्यानं घरून आणायचं असतं.