शेळीच्या दातांतली निरगाठ

एकेकाळी एक वृद्ध वैद्य आडरानात रुग्णालय चालवीत. तिथली रीत चमत्कारिक होती. वैद्यबुवा प्रत्येक हुकूम चिठ्ठीवर लिहून आकड्याला टोचीत, शिष्य तो निमूट पाळी, आणि काम झाले की चिठ्ठी शेळीला खाऊ घाली. चिठ्ठी दिसते तोवर हुकूम जिवंत, एवढाच नियम. शिष्याला शेळीची उठाठेव हलकी वाटे. शिकल्यासवरल्या माणसाला काही कामे हलकी वाटतातच!

दोन दिवस परगावी राहून वैद्यबुवा भर दुपारी परतले, तर अंगणात शेळीखेरीज चिटपाखरू नव्हते. ती डोळे टक्क उघडे ठेवून उभी होती. तोंडातून चिठ्ठी लोंबत होती, पण जबडा हलत नव्हता. आकडा जुन्या चिठ्ठ्यांनी गच्च भरला होता. आत, परवा वारलेल्या म्हाताऱ्याच्या रिकाम्या खाटेशी गरम पेज वाफाळत होती. शेजारी एक बाळंतीण कण्हत होती. एकदाच द्यायचा जालीम काढा तिला सात वेळा पाजला गेला होता.

"चिठ्ठी होती, गुरुजी! दिसली की पाजला," शिष्य म्हणाला. "आधी तिची नाडी बघा ना!"

वैद्यबुवा मात्र शेळीकडे वळले. शिष्याला त्यांचा भयंकर राग आला. त्यांनी शेळीच्या तोंडातून चिठ्ठी ओढून काढली. टोकाची निरगाठ दातांत रुतली होती. मग आकड्यावरची काढ्याची चिठ्ठी पुढे धरली, ती शेळीने लगेच फस्त केली. मगच त्यांनी बाईला उतारा दिला.

"आधी उतारा दिला असता, तर मागून तू आठव्यांदा काढा पाजला असतास," ते म्हणाले. "दात एका गाठीत अडकले, की बाकीचे हुकूम मरायचे विसरतात."

शिष्याने ती गाठीची चिठ्ठी उलगडली. 'ही चिठ्ठी शंभरदा उतरव. प्रत्येकीला अशीच गाठ मार.' अक्षर शिष्याचेच होते, आणि त्यानेच उतरवलेल्या तशाच गाठीच्या कितीतरी चिठ्ठ्या आकड्यावर होत्या.

"यातली मूळ कोणती, गुरुजी? कुणी आणली?"

"आता ते कोण ओळखणार, बाळा?"

संध्याकाळी बाईने पाणी मागितले, तेव्हा शिष्य ओक्साबोक्शी रडला.

आपल्या पेशीतही वापरलेले निरोप, म्हणजे आरएनएचे धागे, खाऊन टाकणारी यंत्रणा असते. डेंग्यूसारखे काही आरएनए विषाणू स्वतःच्या धाग्यात तिला अडकवणारी अशीच गाठ घेऊन येतात, आणि त्यांचा हुकूम पाळणारे हात आपल्याच पेशीचे असतात.