आनशीसाठी अडलेली ओहोटी

फार फार वर्षांपूर्वी, खाडीपलीकडे जायला होडीशिवाय दुसरी वाट नव्हती, तेव्हा पाल्हेबंदरात आनशी नावाची बाई तर, म्हणजे उतारूंना पलीकडे नेणारी होडी, चालवायची. नवरा दर्यात गेलेला, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ झिलू तेवढा तिचा. नारळी पुनवेच्या शर्यतीत झिलूच्या होडीला कुणी गाठू शकत नसे, असं म्हणतात.

एकदा गलबताची डोलकाठी उतरवताना झिलू वरून पडला. डोकं फळीवर आपटलं. कितीतरी दिवस तो डोळे मिटून पडला होता. डोळे उघडले तेव्हा उजवा हात लुळा, पाय ओढका, आणि तोंडात एकच शब्द उरलेला, ‘मीठ’. पाणी हवं तरी मीठ, राग आला तरी मीठ. वैद्यांनी लेप लावले. “जखम भरली. आतलं माझ्या हाती नाही,” असं म्हणून ते निघून गेले. भगताने कोंबडं मागितलं, आनशीने तेही दिलं. काही फरक पडला नाही.

घरी एकटा ठेवता येईना म्हणून ती त्याला रोज होडीत आपल्यापुढे बसवू लागली. एके दिवशी लाटेने होडी कलली आणि झिलूचा लुळा हात आधारासाठी काठाकडे सरकला. जरासाच. उतारूंना दिसलं नाही, आनशीला दिसलं. हात मेला नव्हता, वाट विसरला होता.

दुसऱ्या दिवशी तिने झिलूचा धडधाकट हात कमरेला बांधून टाकला आणि लुळ्या हाताची बोटं वल्ह्याभोवती गुंडाळली. झिलू रडला, ओरडला, तिच्या दंडाला कडकडून चावला. होडीतल्या बायका चिडल्या.

“आनशे, कसाई काय गो तू? चांगलो हात बांधून घातलंस!”

“चांगलो मोकळो ठेवलंय तर दुसरो कशाक उठात?” आनशी म्हणाली.

घरी आल्यावर मात्र ती त्याचा बांधलेला हात चोळत बसायची. आपण चुकत असलो तर, हा विचार तिला सोडत नसे.

ती रोज काही ना काही वेगळं करून बघे. जमेल ते ठेवी, न जमेल ते सोडून देई. एकदा वल्हवताना ती सहज गाणं म्हणू लागली, आणि ज्याला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं त्या झिलूने पुढची ओळ अख्खी गायली. मग आनशीने रोजचे शब्दच गाण्यात घातले. भात, भूक, पाणी, आणि बहिणीला मारायची हाक, बाय. पुढचा पावसाळा सरता सरता झिलू गाण्याशिवाय, साधं बोलला, “बाये, दमलंय.” त्या दिवशी आनशीने तर बंद ठेवली, असं म्हणतात.

बातमी खाडीभर गेली. माडावरून पडलेले, बैलाने उडवलेले, जन्मतःच पाय नसलेले तिच्याकडे येऊ लागले. कुणाला तिने आखूड वल्हं करून दिलं, कुणाला काथ्याने विणलेली पाठ टेकायची बैठक. आणि एका नारळी पुनवेला त्या सगळ्यांची होडी घेऊन ती शर्यतीला आली.

खोत आडवा आला. “ही शर्यत आहे, आनशी. होडी उलटली तर पाप कुणाच्या माथी?”

आनशीने तोंड उघडायच्या आत झिलू बोलला. एकेक शब्द शोधत बोलला, “आमका... पोवक... येता.”

पोहायला तर तिने त्यांना सगळ्यांत आधी शिकवलं होतं. खोत बाजूला झाला.

शर्यत सुटली आणि बघता बघता ती होडी मागे पडली. बाकीच्या होड्या धक्क्याला लागल्या. पुनवेची ओहोटी जोराची असते. एकदा लागली की खाडीत नुसता चिखल उरतो, आणि चिखलात रुतलेल्या होडीला सकाळपर्यंत सुटका नाही. लोक हळहळले. आनशी होडीत नव्हती, धक्क्याजवळ गुडघाभर पाण्यात उभी होती. धावत जाऊन होडी ओढून आणावी असं तिला फार वाटलं. ती गेली नाही. सुकाणूवर झिलू होता.

आणि ओहोटी थांबली, असं म्हणतात. पाणी धक्क्यावरच्या देवळाच्या पायरीला लागून तसंच उभं राहिलं. होडीचं नाक धक्क्याला टेकलं, तेव्हा कुठे सगळी खाडी एका दमात रिकामी झाली. काही जुने तांडेल सांगत, वारा समुद्राकडून होता, पाणी अडलं असेल. असेलही.

आनशी पुढे म्हातारी होऊन गेली. पाल्हेबंदरात मात्र अजूनही शेवटची होडी आल्याशिवाय शर्यत संपत नाही. पहिले आलेले गडी वल्ही उभी धरून मागच्यांसाठी गात बसतात. या थांबण्याला तिथे ‘आनशीचं पाणी’ म्हणतात. दूरदूरच्या गावांतून चाकांच्या खुर्चीत बसून माणसं येतात आणि वल्ह्याला हात बांधून होडीत उतरतात. मागे एका वर्षी शेवटची होडी दिवेलागणीनंतर लागली. तोवर दर्याला नारळ वाहिला नव्हता, आणि घरी कुणी गेलं नव्हतं.