तीन पायांची नाव

फार वर्षांपूर्वी, करंजडोह गावाला पूल नव्हता आणि पलीकडे जायला एकच नाव होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात भिवाजी नावाचा सुतार होता. त्याला पाहिलं की लाकूड आपणहून सांगायचं, मला इथे काप, असं म्हणतात.

पण भिवाजीला एक खोड होती. काम करता करता काही अडलं, की तो सरळ स्वयंपाकघरात शिरायचा. बारीक खिळे ठोकताना बोट चेचू नये म्हणून खिळा तिथल्या कोनाड्यातल्या फणीच्या दातांत धरायचा. करवतीला दिव्यातलं तेल पाजायचा. सरळ रेघ मारायला दोरा हळदीत बुडवायचा आणि लाकूड चिकटवायचा सरस शिजवायला दुधाचं पातेलं न्यायचा.

त्याची बायको तुळसा ओरडायची, "अहो, माझी फणी कुठंय? आणि दुधाला हा वास कसला येतोय?"

"नेलं होतं जरा."

"विचारून न्यायला तोंड दुखतं का? निदान आणताना धुऊन तरी आणा!"

भिवाजीनं कधी विचारलं नाही, कधी धुतलंही नाही. हे भांडण कानावर आलं की गुराखी गुरं सोडायचे, इतकं ते वेळेवर व्हायचं, असं म्हणतात.

एका वर्षी खंडेनवमी आली. त्या दिवशी गावातली सगळी औजारं पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची. मग दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. भिवाजीनं करवत, वाकस, पटाशी, हातोडा, सगळं पुजलं.

आणि नेमक्या त्याच दुपारी कुंभाराच्या सुनेला कळा सुरू झाल्या. मूल आडवं आलं होतं. सुईण नदीपलीकडे आणि नदीला पूर. लखू भोई नावेकडे धावला, तर पुरातल्या ओंडक्यानं नावेचा तळच फोडला होता.

सगळं गाव भिवाजीच्या अंगणात आलं. भिवाजी पाटासमोर उभा. हात पुढे जायचा, मागे यायचा.

"देवीसमोर ठेवलेलं आज उचलू कसं?" तो म्हणाला.

"दादा, पोर जाईल माझी," कुंभार म्हणाला.

तेवढ्यात तुळसा आतून आली. ओच्यात भांडी खणखणत होती.

"औजारं राहू द्या फुलांखाली. माझ्या उलथन्याला कुणी कुंकू लावलंय? एरवी न विचारता नेता, आज मीच देतेय. चला!"

नाव काठावर ओढून पालथी घातली. भिवाजीनं सांडशीनं गोठ्याच्या फळीचे खिळे उपटले. बायकांनी देवाच्या वातींचा कापूस वळून दिला, तो त्यानं उलथन्यानं फटींत दाबला. कढईत राळ आणि तेल उकळलं आणि पळीनं वर ओतलं. भोकावर बसेल एवढी फळी काही मिळेना, आणि कापायला करवत तर फुलांखाली. तेव्हा तुळसानं आपला माहेरचा पोळपाट पुढे केला. भिवाजीनं तिच्याकडे पाहिलं. "ठोका," ती म्हणाली, "पोळ्या काय, हातावरही थापता येतात." मग फणीत खिळे धरून त्यानं बत्त्यानं पोळपाट नावेला ठोकला, तिन्ही पाय बाहेर.

नाव पाण्यात गेली. मधल्या भोवऱ्यात ती गरगर फिरू लागली, काठावर लोकांनी डोळे मिटले. तेव्हा ते तीन पाय लांब लांब होत नदीच्या तळाला टेकले आणि नाव चालत पलीकडे गेली, असं म्हणतात. येताना सुईण आत बसली होती आणि लखूनं वल्हं मांडीवर घेतलं होतं. दिवेलागणीच्या आत कुंभाराच्या घरी नात रडली. त्या रडण्यानं पूर ओसरला, असंही म्हणतात.

पुढे ती नाव कधी गळली नाही. तुळसा आधी गेली. त्यानंतरही भिवाजी काम करत राहिला, पण काही लागलं की आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबायचा. "तुळसे, फणी नेऊ का गं?" असं विचारायचा. थोडा वेळ उभा राहायचा. मग न्यायचा, आणि आणताना धुऊन आणायचा. एकदा शेजारच्या कुंभाराच्या नातीनं भिंतीपलीकडून ते ऐकलं आणि ओरडून सांगितलं, "न्या, पण धुऊन आणा!" भिवाजी त्या दिवशी पुष्कळ हसला.

करंजडोहाला आता पूल आहे. तरी खंडेनवमीला पूजा झाली की प्रत्येक घरातला पुरुष उंबऱ्याशी थांबून विचारतो, "उलथनं नेऊ का?" आणि आतून उत्तर येतं, "न्या, पण धुऊन आणा!" ज्या घरात उत्तर द्यायला कुणी उरलेलं नाही, तिथे शेजारीण भिंतीपलीकडून ओरडते. विचारणारा उत्तर मिळाल्याशिवाय उंबऱ्यावरून हलत नाही, आणि त्या गावात आजवर कुणाला फार वेळ उभं राहावं लागलेलं नाही.