न दुखणारे जोडे

एका राज्यात राजाचे पाय कधी दुखत नसत. खजिन्यात मांत्रिकाने दिलेले सोन्याचे जोडे होते. ते घालणाऱ्याला काटा बोचत नसे, निखारा भाजत नसे. तेच घालून थोरल्या महाराजांनी मुलूख जिंकले आणि पाय सडून ते गेले. मग जोडे त्यांच्या पुत्राने, शूरपालाने घातले.

त्याच्याही टाचेला जखम झाली. ती भरेना. धाकटा भाऊ कुवलय रोज खपली उचलून पाही, रोज नवा लेप थापी. बापाची चिता जळताना त्याने पाहिली होती. भावाची पाहायची नव्हती.

तो रानातल्या बोलक्या भारद्वाजाकडे गेला.

"पक्षिराज, माझ्या दादाला वाचव."

"लावलेलं रोप रोज उपटून मुळं बघतोस का?"

"नाही."

"मग जखमेने काय पाप केलं? तीन कामं कर. ती का झाली ते शोध. तिच्यावरचा भार काढ. रोज स्वच्छ धुऊन झाक, पण उकरू नकोस. तिसरं तुला जमायचं नाही."

रात्री शूरपाल झोपल्यावर कुवलयाने त्याने काढून ठेवलेले जोडे चाचपले. टाचेपाशी जडवलेले एक माणिक आतल्या बाजूला उलटे फिरले होते. त्याचे टोक रक्ताने काळे होते.

"दादा, जोडे काढ," सकाळी तो म्हणाला.

"अनवाणी राजाला शत्रू हसतील."

"बाबांना कुणी हसलं नाही. ते कुठे आहेत?"

शूरपालाने जोडे काढले. कुवलयाने ते डोहात फेकले. डोहाने गिळून ढेकर दिली. पण पाय मुकाच राहिला, त्याला काही जाणवेना. राजा पालखीतून न्याय देऊ लागला, टाच भुईला लागू दिली नाही.

तिसरे काम उरले. भारद्वाज खिडकीत येऊन बसे.

"हात खाजतोय?"

"खाजतोय."

"मग स्वतःचं डोकं खाजव."

आंब्याचा मोहर गळाला, कैऱ्या धरल्या. जखम तळापासून भरत वर आली, कडा जवळ सरकल्या. एका सकाळी कुवलय पाय धूत असता राजाने लाथ झाडली.

"आई गं! हळू, गाढवा! दुखतंय!"

"पुन्हा म्हण, दादा."

"दुखतंय!"

कुवलय ओल्या पायाला मिठी मारून रडला. नगारे वाजले, न दुखण्याचा शाप सुटला. पुढे जखमही मिटली.

तेव्हापासून तिथे नवा राजा आधी खड्यांवरून अनवाणी चालतो. तो "आई गं" म्हणाला, की मगच मुकुट चढतो.